देव वरच्या मजल्यावर: माझगाव ते आचीपूर, जुन्या चिनी वास्तूंची फेरी

कोलकात्यात टॅक्सीवाल्याला 'चिनी मंदिर' म्हटलं की तो टांगऱ्याच्या काली मंदिरापाशी नेऊन सोडतो. चूक त्याची नसते. टेरिटी बाजार या जुन्या चिनी वस्तीतल्या मंदिरांना तिथे मंदिर म्हणायची पद्धतच नाही. पाटीवर इंग्रजीत 'चर्च' लिहिलेलं असतं आणि गल्लीतले लोकही चर्चच म्हणतात. इंग्रजी अमदानीत पूजास्थान या अर्थाने चिकटलेला शब्द तसाच राहिला. त्याच पाटीवरची चिनी अक्षरं मात्र तिसरंच काही सांगतात: हुईग्वान. कॅन्टनी उच्चारात 'वुई कून', म्हणजे एका मुलखातून आलेल्या लोकांची सामाईक वास्तू. बोटीवरून उतरलेल्याने पथारी टाकायची, नोकरीची चौकशी करायची, गावाकडे पैसे आणि पत्र पाठवायचं, भांडण झालं तर पंचांपुढे बसायचं, आणि मेलाच तर चार खांदेकरी मिळायचे, ते इथे. देव याच घरात, बहुधा वरच्या मजल्यावर.

मुंबईकराला हे समजायला कठीण नाही. धोबीतलावच्या जेर महालमधले गोवेकर खलाशांचे 'कूड' हाच प्रकार: गावच्या नावाने क्लब, ओळीने ट्रंका, आणि भिंतीशी गावच्या संताची वेदी. गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्याही याच धाटणीच्या. फरक पुढे पडला. चिनी वास्तूंतली माणसं कमी होत गेली, खालचे मजले रिकामे झाले, आणि उरला तो देव. आज ज्याला आपण मंदिर म्हणून बघायला जातो ते असं घडलंय. फेरी करताना हे ध्यानात ठेवलं तर जिना चढायच्या आधी तळमजला बघायची सवय लागते.

सहा-सात दिवस पुरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी. मुक्कामाचे दिवस असे बसवा की कोलकात्यातली पहिली सकाळ रविवारी यावी. कारण पुढे येईल.

गुरुवार: माझगाव

सुरुवात घरातूनच. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरून नवाब टँक रोड विचारायचा. जुन्या घरांच्या गर्दीत इमारत सहज नजरेत भरत नाही. लाल रंग आणि दारावरची चिनी अक्षरं ही खूण. नाव 'सी यूप कून', बांधकाम १९१९चं. नाव फोडून वाचलं की अर्धं काम होतं: सी म्हणजे चार, यूप म्हणजे परगणा, कून म्हणजे वर सांगितलेली वास्तू. चार परगण्यांचं घर. हे चार परगणे ग्वांगदोंग प्रांतातले: शिनहुई, ताइशान, काइपिंग आणि एनपिंग. एकोणिसाव्या शतकात तिथून माणूस जगभर पांगला, आणि जिथे गेला तिथे हेच नाव घेऊन गेला. मेलबर्न आणि सिडनीतही या नावाची जुनी मंदिरं आहेत. स्पेलिंग दर बंदरात वेगळं, अक्षरं तीच.

तळमजल्यावर ग्वान यिन ही करुणेची देवी, वरच्या मजल्यावर ग्वान यू. इथली मंडळी कॅन्टनी बोलीत क्वान यिन आणि क्वान कुंग म्हणतात. पुढे कोलकात्यात ग्वान यूला क्वान ती म्हटलेलंही ऐकू येईल. कुंग काय, ती काय, पदव्या आहेत. देव एकच.

ग्वान यू हा इतिहासातला सेनापती, इ. स. २२०मध्ये मारला गेला. मूर्ती ओळखायला तीन खुणा पुरेत: लालबुंद चेहरा, छातीवर रुळणारी दाढी, हिरवा झगा. शेजारी दोघं उभे असतात. काळ्या चेहऱ्याचा, दांडपट्ट्याहून लांब दांड्याचं पातं धरलेला तो जौ त्सांग. गोऱ्या चेहऱ्याचा, हातात कापडात गुंडाळलेला शिक्का घेतलेला तो मुलगा ग्वान पिंग. ताओपंथीयांनी त्याला सम्राटपद देऊन देवांच्या दरबारात बसवलं. बौद्धांनी त्याला विहाराचा रक्षक बोधिसत्त्व केलं. त्यामागची कथा अशी की मेल्यावर त्याचा आत्मा तियानताय पंथाचा आचार्य झियी याच्यापुढे आला आणि त्याने दीक्षा मागितली. त्यामुळे 'हे मंदिर ताओंचं की बौद्धांचं' हा प्रश्न इथे कुणाला विचारू नये. विचारलाच तर समोरचा दोन्ही म्हणेल, आणि ते खरं असेल. व्यापारी त्याला मानतात ते शब्दाला जागणारा म्हणून. भागीदारीतल्या शपथा त्याच्यापुढे घेतल्या जात.

इमारत सांभाळणारं कुटुंब तिथेच राहतं, म्हणजे आपण कुणाच्या तरी घरात शिरतोय हे लक्षात ठेवून जावं. दुपारी एक ते चार टाळा. आठ-दहा जणांचा घोळका नेऊ नका. गाभारे लहान आहेत, चौथा माणूस आत आला की पहिल्याला मागे सरकावं लागतं.

इथेच कॅलेंडरचा हिशेब करून घ्या, म्हणजे पुढे उपयोगी पडेल. चिनी महिना आपल्या अमान्त महिन्यासारखाच अमावास्येशी बदलतो. त्यांची १ तारीख म्हणजे आपली अमावास्या किंवा प्रतिपदा, त्यांची १५ म्हणजे पौर्णिमा, एखादा दिवस मागेपुढे. या दोन्ही दिवशी चिनी मंदिरांत वर्दळ असते. अधिक मास त्यांच्याकडेही आहे, पण तो आपल्याच वर्षी आणि आपल्याच महिन्यात येईल असं नाही. ग्वान यिनची जयंती त्यांच्या दुसऱ्या महिन्याच्या १९ला: आपल्याकडे फाल्गुन, क्वचित चैत्र, वद्य तृतीया ते पंचमीच्या सुमारास. ग्वान यूची सहाव्या महिन्याच्या २४ला, बहुतेक वर्षी आषाढ वद्य अष्टमी-नवमीला. नववर्ष पौष किंवा माघ अमावास्येच्या आसपास. भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं, वेगळं चिनी पंचांग लागत नाही.

शुक्रवार आणि शनिवार: गाडी, हावडा, बेंटिंक स्ट्रीट

मुंबईहून गीतांजली, पुण्याहून आझाद हिंद. विदर्भातल्यांना दोन्ही नागपूरला मिळतात. हावड्याला उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेत उभं राहू नका. स्टेशनखालीच मेट्रोची ग्रीन लाइन आहे. ती हुगळीच्या तळाखालून जाते आणि नदी ओलांडली की पहिलं स्टेशन महाकरण. मुक्काम डलहौसी, चांदनी चौक किंवा सेंट्रल भागात घेतला तर पुढचे दोन दिवस सगळं पायी होतं.

संध्याकाळी बेंटिंक स्ट्रीटवरून एक चक्कर मारावी. चिनी चांभारांची दुकानं या रस्त्यावर ओळीने होती, काही अजून आहेत. कोलकात्याच्या चिन्यांत मुलखागणिक धंदा ठरलेला असे: कॅन्टनी सुतार, हाक्का चामडं आणि जोडे, हुपेचे लोक दातांचे डॉक्टर, शांदोंगचे रेशीम विकणारे. उद्या परवा बघायच्या जवळजवळ सगळ्या वास्तू कॅन्टनींच्या आहेत. लाकूडकामाकडे जास्त बघा असं म्हणतो ते त्यासाठी. गोदीतल्या बोटींची कामं करणाऱ्यांनी उभी केलेली घरं आहेत ती. त्यांचा लू बान हा सुतारांचा देव, आपल्या विश्वकर्म्याचा भाऊ शोभावा असा.

रविवार: टेरिटी बाजार, सी इप चर्च

पोद्दार कोर्टच्या मागे सकाळी उघड्यावर चिनी न्याहारी मिळते. सहाला पोचावं, आठ वाजेपर्यंत बरंच संपतं. रोज थोडंफार असतं, पण घरून करून आणणाऱ्या बायका रविवारी जास्त येतात, म्हणून वाराचा हिशेब. वाफेवरचे पाव, शुमाई, मोमो, माशाच्या गोळ्यांचं सूप. बहुतेक पदार्थांत डुकराचं मांस असतं. विचारलं की सरळ सांगतात. शाकाहारी माणसाने हट्ट न करता शेजारच्या गल्लीत कचोरी-आलूदम खावा. सुटे पैसे जवळ ठेवा. आणि 'पूर्वी किती ठेले होते' हा विषय विक्रेत्यांपाशी काढू नका, ते रोज ऐकतात.

बाजाराचं नाव एदुआर्दो तिरेत्ता या व्हेनिसच्या माणसावरून पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीला तो कलकत्त्यात रस्ते आणि इमारतींचा अधीक्षक होता.

इथून छातावाला गली दोन मिनिटांवर. सी इप चर्च, १९०५. दारातली अक्षरं नीट बघा. गुरुवारी माझगावला पाहिलेली तीच, सी यूप आणि सी इप एकच. त्याच चार परगण्यांच्या लोकांनी मुंबईत आणि कलकत्त्यात वेगवेगळ्या कारकुनांकडून नाव लिहून घेतलं, एवढंच.

इथे मान ग्वान यिनचा, वरच्या मजल्यावर. मराठी माणसाने या मूर्तीपुढे जरा जास्त थांबावं. ग्वान यिन म्हणजे अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच. औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या दाराशी त्याचा मोठा शिल्पपट आहे: मध्ये बोधिसत्त्व उभा, दोन्ही बाजूंना आठ संकटं. आग, चोर, बेडी, हत्ती, सिंह, साप, आणि त्यांतच एक बुडणारी बोट. व्यापारी तांड्यांनी ज्याला हाक मारायची तो हा देव. कान्हेरीलाही तो आहे. तो चीनला गेला तेव्हा पुरुष होता, तिथे काही शतकांत त्याची बाई झाली. पण काम बदललं नाही: दर्यावर अडकलेल्याची हाक ऐकणं. मग ती कॅन्टनी खलाशांबरोबर बोटीतून परत आपल्याकडे आली. या प्रवासाची नोंद सी इपच्या पाटीवर नाही, पण औरंगाबाद पाहिलेल्याला ती लागतेच.

वेळापत्रकाच्या भरवशावर राहू नका. कुठल्याही चर्चला पर्यटकांसाठी ठरलेली वेळ नाही. सकाळी साफसफाई आणि उदबत्तीच्या निमित्ताने दार उघडतं, दुपारी बंद, कधी संध्याकाळी पुन्हा. कुलूप दिसलं तर खालच्या खोलीत किंवा समोरच्या दुकानात विचारायचं, किल्ली बहुधा तिथेच असते. दानपेटीत काहीतरी टाकावं. वीजबिलापासून छपराच्या गळतीपर्यंत सगळं त्यातून आणि मंडळाच्या जुन्या भाड्यांतून चालतं.

सोमवार: ब्लॅकबर्न लेन, डामझेन लेन

हा फेरीतला सगळ्यात भरगच्च दिवस. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर, तरी सकाळ पुरत नाही.

ब्लॅकबर्न लेनमधलं तूंग ऑन चर्च लाल विटांचं, भारदस्त. वर ग्वान यू, आणि तळमजल्यावर एकेकाळी नानकिंग रेस्टॉरंट. ते १९२४ साली सुरू झालं आणि कित्येक वर्षं शहरातल्या बड्या लोकांचं ठिकाण होतं. खाली बँडवर नाच आणि वर सेनापतीपुढे उदबत्ती, यात चिनी मंडळींना काही विसंगत वाटलं नाही. खालच्या जागेच्या भाड्यावर वरचा देव चालणं ही हुईग्वानची जुनी तऱ्हा आहे. हॉटेल बंद पडलं तेव्हा गिऱ्हाइकं गेली आणि तो आधारही गेला.

जवळच जी हिंग चर्च. मंडळ १८८८चं, या इमारतीत आलं १९२० साली. म्हणजे संस्था जुनी आणि घर तिने नंतर घेतलेलं. खाली पत्ते किंवा माहजोंग खेळणारी म्हातारी मंडळी बसलेली दिसली तर ती पर्यटकांसाठी मांडलेली नाहीत. नमस्कार करावा, विचारावं, आणि वर जावं. कॅमेरा देवापुढे चालतो, टेबलापुढे चालत नाही.

आता वेदी जवळून. मूर्तीपुढच्या उंच मेजावर पाच भांडी असतात: मध्ये उदबत्त्यांचं पात्र, दोन्ही बाजूंना मेणबत्तीच्या समया, आणि टोकांना दोन फुलदाण्या. पुढे चहाचे किंवा मद्याचे तीन पेले, मग फळं. पूजेचा क्रम सोपा आहे. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, हे आपल्याला सांगायला नको. तीन उदबत्त्या घ्यायच्या, तेवत्या दिव्यावर पेटवायच्या, ज्योत तोंडाने फुंकायची नाही, हात हलवून विझवायची. आधी दाराकडे तोंड करून आकाशाला, मग वळून देवाला. दोन्ही हातांत कपाळाच्या उंचीवर धरून तीनदा वाकायचं आणि डाव्या हाताने एकेक सरळ खोचायची. तिरपी खोचली की शेजारच्याच्या हातावर राख पडते, म्हणून नियम.

त्या पात्राकडे निरखून बघा, त्यात सगळ्यात जास्त गोष्ट आहे. आत राख असते आणि ती कधीच पूर्ण काढत नाहीत. वर आलेली चाळून उचलतात, तळची ठेवतात. नवीन जागी देव बसवायचा तर जुन्या पात्रातली राख नेतात, आपण अंगारा नेतो तशी. त्या राखेवरून कुठलं मंदिर कुणाची लेक हे ठरतं. पण राख राखायची म्हणून बुडखेही राहू दिले तर घात होतो. चिनी उदबत्तीच्या आत बांबूची काडी असते. मसाला जळून गेला की लाल रंगाची कोरडी काडी उरते. सणाच्या दिवशी अशा शेकडो काड्या खेटून उभ्या राहतात आणि वरून एक निखारा पडला की सगळं पात्र एकदम भडकतं. भाविक त्याला शकुन मानतात. लाकडी छताखाली उभ्या असलेल्या राखणदाराला तो शकुन वाटत नाही, म्हणून तो गर्दीच्या दिवशी पाठीमागून बुडखे उपटत फिरतो. आपली उदबत्ती अर्धी जळायच्या आत काढली तर रागावू नये.

कौलाची सोय बहुतेक ठिकाणी आहे. बांबूच्या नळीत आकडे घातलेल्या पट्ट्या, ग्वान यूच्या कौलात १००. गुडघ्यावर बसून, नाव आणि प्रश्न मनात धरून नळी तिरपी करून हलवायची, एकच पट्टी बाहेर पडेपर्यंत. दोन पडल्या तर फुकट, पुन्हा पहिल्यापासून. नवखे लोक नळी उभी धरून जोरात हलवतात आणि पाच-सहा पट्ट्या एकदम सांडतात. ४५ अंशांत धरून हळू हलवली की एक पट्टी आपोआप वर सरकते. मग ती खरी की नाही हे विचारायचं, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लाकडांनी. त्यांची एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर होकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसतोय, म्हणजे प्रश्न नीट विचारा. दोन्ही फुगीर वर तर नकार. कोकण-गोव्यात गुरव कळे लावतो, उजवा पडला की डावा ते बघतो, त्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. होकार आला तर पट्टीच्या आकड्याचा कागद घ्यायचा. त्यावर चार ओळींची कविता असते, आणि ती वाचून अर्थ सांगणारा माणूस सापडणं हाच आता खरा प्रश्न आहे.

भिंती आणि छत. जुन्या कोलकात्याची बांधणी म्हणजे विटा, चुना आणि सुरखी. वर 'कडी-बरगा', म्हणजे लाकडी किंवा लोखंडी तुळया, त्यांवर आडव्या पट्ट्या, त्यांवर फरश्या आणि चुन्याचा कोबा. कोब्याला भेग पडली की पाणी तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी मुरतं. लाकूड असेल तर तिथेच कुजतं, लोखंड असेल तर गंजून फुगतं आणि वीट फोडतं. मधला भाग ठणठणीत दिसतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. देव वरच्या मजल्यावर असल्याने छत गळलं की पहिला फटका कोरीव लाकडाला. दुसरी चूक प्रेमापोटी होते: दर नववर्षाला चुन्याच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटचा नवा हात. चुना श्वास घेणारा, पेंट तोंड बंद करणारा. ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. मग त्यावर अजून एक हात. कोपऱ्यात सुटलेला पापुद्रा दिसला तर त्याच्या कडेला थर मोजता येतात.

सोनेरी कोरीव पट्ट्यांवर काजळी साचते ती मात्र घाईने पुसू नये. सोन्याचा वर्ख लाखेवर बसवलेला असतो. ओल्या फडक्याने काजळीबरोबर वर्खही जातो. मऊ ब्रशने, वरून खाली, कोरडं. हे काम बघायचं तर डामझेन लेनमध्ये जा.

डामझेन लेनमध्ये दोन चर्च. नाम सून हे शहरातल्या जुन्यांतलं जुनं, मंडळाची स्थापना १८२०ची सांगतात. नाम म्हणजे नानहाय, सून म्हणजे शुंद, दोन परगण्यांची पहिली अक्षरं. इथे आत अंगण आहे, आणि बाहेरच्या गल्लीतून आल्यावर त्या मोकळ्या जागेचा जो आराम वाटतो तो बाकी कुठल्याच चर्चमध्ये नाही. आम्हाला विचाराल तर एकच चर्च बघायचं झाल्यास हे बघा.

दुसऱ्याचं नाव वाचताना जीभ अडखळते: सी वोई यून लियोंग फुत चर्च, १९०८. तेही फोडून वाचायचं. सी वोई हा ग्वांगदोंगमधला सिहुई परगणा, यून आणि लियोंग ही दोन माणसांची आडनावं, फुत म्हणजे बुद्ध. सोंग राजवटीच्या काळातल्या, त्या परगण्यातल्या दोन तरुण साधकांना लोकांनी बुद्ध मानलं. त्यांचं भारतातलं हे ठाणं. म्हणजे गौतम बुद्धाच्या देशात येऊन सिहुईच्या लोकांनी आपल्या गावचे दोन बुद्ध बसवले. वेदीवरची कोरीव लाकडी चौकट इथे वेळ घेऊन बघा: चिमुकल्या माणसांचे दरबार, घोडे, पूल. टॉर्च तिरपा धरला तर खोली कळते, समोरून धरला तर नुसती चकाकी.

परतताना सुन यात-सेन स्ट्रीट आणि लू शुन सरणीवरून यावं. लू शुन सरणीला पौ चोंगचं सॉसचं दुकान आहे, हिरव्या मिरचीचा सॉस घेतल्याशिवाय लोक परतत नाहीत. काचेची बाटली विमानात हातसामानात चालत नाही, रेल्वेने जाणार असाल तर कपड्यांत गुंडाळा.

मंगळवार: टांगरा

१९६२च्या युद्धानंतर सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, आणि सुटून आलेल्यांतले पुष्कळ पुढे परदेशी गेले. टेरिटी बाजाराच्या ओसाडीचं ते एक मोठं कारण. टांगऱ्याच्या हाक्का चांभारवाड्या त्यातूनही टिकल्या होत्या. डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातले कातडी कमावण्याचे कारखाने शहराबाहेर हलवायचा आदेश दिला, पुढे ते बानतलाला गेले. रिकाम्या झालेल्या बऱ्याच वास्तूंत हॉटेलं आली. जाड भिंती, उंच छत आणि मोठं फाटक दिसलं की ते हॉटेल आधी काय होतं ते ओळखावं.

चिनी काली मंदिर माथेश्वरतला रोडवर. झाडाखालच्या शेंदूर लावलेल्या शिळांना आजूबाजूचे चिनीही मानू लागले, मग मंदिर उभं राहिलं. पूजा बंगाली पद्धतीची, उदबत्त्या चिनी, आणि प्रसादात नूडल्स असतात हे खरं आहे, पण रोज नव्हे. चपला बाहेर. अर्ध्या तासात बघून होतं. पत्रकारांनी याला फार उचलून धरलंय. डामझेन लेनचा वेळ कापून इथे यावं असं काही नाही.

बुधवार: आचीपूर

शहरापासून साधारण ३३ किलोमीटर, हुगळीच्या काठी. सियालदहच्या दक्षिण विभागातून बज बज लोकल, तासाभराचा प्रवास. पुढे ऑटो किंवा बस. 'चिनामॅनतला' म्हटलं की बरोबर उतरवतात. रविवारी नववर्षाच्या पंधरवड्यात कोलकात्याहून चिनी कुटुंबं बस करून येतात, तेव्हा सगळं उघडं आणि जागोजाग भाजलेलं डुक्कर. एरवी कुलूप असू शकतं, किल्लीवाला जवळच राहतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग आचू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने इथे जमीन दिली. त्याने ऊस लावला, साखरेचा घाणा घातला, माणसं आणली. काही वर्षांतच तो वारला आणि घाणा बुडाला. गावाला त्याचं नाव राहिलं. मंदिरात तूती गुंग हा भूमीचा देव आणि त्याची बायको. आपल्या गावाच्या शिवेवरच्या देवासारखाच: हद्द राखायची, पीक राखायचं, फार मोठं काही मागायचं नाही. आसपासचे लोक या जोडीला 'खोदा-खुदी' म्हणतात. आवारातच दक्षिण राय, म्हणजे सुंदरबनच्या वाघाचा देव, त्याचंही ठाणं आहे. वाघ या बाजूला कधीचा संपला, पण ठाणं हलवलेलं नाही.

आचूचं थडगं मंदिराजवळ नाही, नदीकाठी वेगळं आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचं, लाल रंगवलेलं. हा आकार दक्षिण चीनचा: पाठीशी उंचवटा, दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या भिंती, समोर पाणी. बंगालच्या सपाट चिखलात उंचवटा कुठून आणणार, म्हणून तो बांधून काढलाय. इथे उदबत्ती लावायची तर वाऱ्याने विझते, काडेपेटीपेक्षा लायटर बरा.

काठावर सावली कमी, टपऱ्या मोजक्या. पाणी आणि खाणं बज बजहून घेऊन निघा, आणि परतीचं तिकीट तिथेच काढून ठेवा. स्टेशनच्या पाटीवर आता 'कोमागाटा मारू बज बज' लिहिलंय. कॅनडाने परत धाडलेल्या त्या बोटीतल्या प्रवाशांवर २९ सप्टेंबर १९१४ला इथेच गोळीबार झाला, त्यांचं स्मारक स्टेशनपासून लांब नाही. लोकलला वेळ असेल तर तेवढ्यात होतं.